एकवीसपैकी नऊ

थोरलीला कचेरीत सगळे ‘ज्योतिषीणबाई’ म्हणत. काम तसंच होतं. पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी शहराला किती वीज लागेल हे तिनं आधी सांगायचं आणि वरच्यांनी त्यावर सह्या करायच्या. मागच्या सहा वर्षांचे आकडे ती सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये घाली, कोडच्या आठ-दहा ओळी लिही, की पडद्यावर ठिपके उमटत. ठिपक्यांच्या गर्दीतून एक सरळ रेघ वाट काढत जाई. आजच्या तारखेपाशी ती तुटक होई आणि तशीच पुढच्या, अजून न आलेल्या महिन्यांत शिरे. तिच्या दोन्ही अंगांनी एक फिकट निळा पट्टा रुंदावत जाई. रेघ म्हणजे अंदाज आणि पट्टा म्हणजे अंदाजाला चुकायची दिलेली मुभा, असं ती नवीन माणसांना समजावून सांगे. आणि वर बजावे, “रेघ नंतर बघा. आधी आकडे डोळ्यांखालून घाला. रेघ काय, दोन ठिपके दिलेत तरी निघते.”

या कामाला ‘लिनिअर रिग्रेशन’ म्हणतात हे तिनं एकदा बाबांना सांगितलं होतं. बाबांनी लगेच मराठी शब्द विचारला. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस तो! निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी औषधाच्या खोक्यावरचा कागदसुद्धा लाल पेन हातात घेतल्याशिवाय वाचत नसत. इमारतीच्या लिफ्टमधल्या सूचनेतले चार ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी एका सकाळी उभ्या उभ्या सुधारले होते आणि त्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोन महिने अबोला धरला होता.

“प्रतिगमन,” थोरली म्हणाली.

“प्रतिगमन म्हणजे मागे जाणं. मागे जाऊन पुढचं सांगता होय? बरं आहे. आम्ही नुसतं मागचंच बघत बसायचो.”

घरात दोघंच. आई जाऊन सात वर्षं झाली होती. थोरलीनं लग्न केलं नव्हतं, आणि आता त्याबद्दल कुणी विचारायचंही सोडून दिलं होतं. धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनीअर. सहा महिने समुद्रावर, चार महिने घरी. तो आणि त्याची बायको दोन तासांच्या अंतरावरच्या दुसऱ्या शहरात राहत.

चार वर्षांपूर्वी एका साध्या तपासणीत कळलं की बाबांची मूत्रपिंडं जरा थकली आहेत. ती रक्त किती गाळतात याचा एक आकडा रिपोर्टात येई. घरात त्याला ‘गाळणीचा आकडा’ असंच नाव पडलं. तो तेव्हा बासष्ट होता. किडनीच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी सांगितलं, “हा आकडा वयाबरोबर उतरणारच. सावकाश उतरला तर काळजी नाही. पंधराच्या खाली गेला तर मात्र डायलिसिसचं बघावं लागतं. ते अजून फार लांब आहे.” तेव्हापासून बाबा मधून मधून रक्त तपासून येत. एकटेच जात. रिपोर्ट हिरव्या फायलीत लावून ठेवत. थोरलीनं विचारलं तर म्हणत, “ठीक आहे. जैसे थे.” या वर्षी फेब्रुवारीत मात्र जोराचा ताप आणि उलट्या होऊन तीन दिवस दवाखान्यात राहावं लागलं होतं. सलाइन लावलं, ताप उतरला, माणूस घरी आला. ती गोष्ट तिथंच संपली, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

नोव्हेंबरच्या मध्यात बाबांना एक पत्र आलं. एका मोठ्या शब्दकोशाचं काम सुरू होत होतं. संपादक जुने ओळखीचे. ‘मुद्रितं तुमच्याच नजरेखालून जावीत अशी इच्छा आहे, काम तीन वर्षांचं आहे,’ असं त्यांनी लिहिलं होतं. बाबांनी ते पत्र दिवसभरात पाच वेळा तरी वाचलं असेल. एकदा चुका शोधायला, बाकी चारदा आनंदानं.

“तीन वर्षं,” जेवताना ते म्हणाले. “एकाहत्तरचा आहे मी. तुझी ती रेघ ओढून सांग बघू, टिकेन का तोवर?”

“उद्याच सांगते,” थोरली हसून म्हणाली.

तिनं खरोखरच मनावर घेतलं. बाबांना छान रंगीत आलेख काढून द्यायचा, त्यावर ‘खुशाल काम घ्या’ असं लिहायचं, असा तिचा बेत होता. लॅबच्या साइटवर बाबांच्या नावानं तिचाच मोबाइल नंबर दिलेला होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं चार वर्षांच्या निकालांची फाइल उतरवून घेतली, ती न उघडताच रोजच्या कोडला जोडली आणि डबा उघडत बटण दाबलं. पडद्याच्या तळाशी लाल अक्षरांत दोन ओळींची सूचना आली. तिचं लक्ष चित्राकडे होतं. ती सूचना तिनं वाचली नाही.

रेघ डोंगरावरून दगड सुटावा तशी खाली चालली होती.

ठिपके सुरुवातीला वर होते. बासष्ट, एकसष्ट, साठ. मग खाली, अगदी उजवीकडे, तीन ठिपके एकमेकांना धरून बसलेले. अडतीस, एकतीस, चौतीस. तिथून तुटक रेघ निघाली ती पंधराच्या आडव्या रेषेला जाऊन भिडली. थोरलीनं तारीख पाहिली. आजपासून अडीच वर्षं. निळ्या पट्ट्याची खालची कड तर वर्षभरातच पंधराला शिवत होती.

घास हातातच राहिला. तिनं त्या तीन ठिपक्यांवर बाण नेला. दोन सप्टेंबर. दोन ऑक्टोबर. दोन नोव्हेंबर. म्हणजे बाबा गेले तीन महिने दर दोन तारखेला रक्त तपासून येत होते आणि घरी येऊन ‘जैसे थे’ म्हणत होते! तिला एकदम सगळं उलगडल्यासारखं झालं. सकाळी फिरायला जातो म्हणून जास्त वेळ लावणं, फाइल कपाटात वरच्या खणात ठेवणं, कालचं ते ‘टिकेन का’ विचारणं. त्यांना सगळं ठाऊक होतं. तिला सांगत नव्हते, एवढंच.

पुढे कोणी तिला विचारलं असतं की आकडे तपासले होतेस का, तर तिनं सरळ मान खाली घातली असती. विजेचे आकडे असते तर तीनदा तपासले असते. पण ती फाइल उघडून एकेक आकडा वाचायचा म्हणजे बाबांना एकेक पायरी खाली उतरताना बघायचं. तेवढा धीर तिला झाला नाही. रेघ होती, तीच पुरे होती.

संध्याकाळी बाबांनी दारातच विचारलं, “काय म्हणते रेघ?”

“सर्व्हर बंद होता आज,” थोरली चपला काढता काढता म्हणाली. आणि मग, त्यांच्याकडे न बघता, “पण बाबा, ते कोशाचं काम... तीन वर्षं मान मोडून बसायचं या वयात? नका घेऊ असं वाटतं मला.”

“काल तर हसत होतीस.”

“काल विचार केला नव्हता.”

“असं,” बाबा म्हणाले आणि आत गेले. त्या रात्री त्यांनी चष्मासुद्धा न शोधता दिवा मालवला. दुसऱ्या दिवसापासून ते टेबलाशी बसून संपादकांना नकाराचं पत्र लिहू लागले. लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. थोरली येता जाता बघे आणि मूग गिळून बसे.

धाकट्याला सांगावंच लागलं. त्याला पंधरा डिसेंबरला जहाजावर रुजू व्हायचं होतं. थोरलीनं कचेरीच्या जिन्यात उभं राहून फोन केला. बोलता बोलता तिचा आवाज फुटला.

“ताई, अडीच वर्षं नक्की?”

“पट्टा धरला तर एक ते पाच. पण मधली रेघ अडीच.”

“मग मी जहाजावर जात नाही. एक किडनी माझी घ्या. तपासण्या कुठं करायच्या तेवढं सांग.”

“अरे, असं लगेच...”

“लगेच नाही तर कधी? भर समुद्रात असताना?”

मागून कुणीतरी फोन घेतला. धाकट्याची बायको. या भावजयीचं आणि थोरलीचं कधी भांडण झालं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. सणासुदीला चार शब्द, वाढदिवसाला एक फोन. तेवढंच.

“ताई, मी सगळं ऐकलंय,” भावजय म्हणाली. “यांना पोरवयात कावीळ झाली होती, यांचं जमेल न जमेल. माझा रक्तगट बाबांचाच आहे. माझंही नाव लिहून ठेवा.”

“अगं, तू कशाला...”

“कशाला म्हणजे? माझे वडील मी नववीत असताना गेले. आता वडील म्हणून बाबाच आहेत. पुढच्या शनिवारी येतो आम्ही. डॉक्टरांची वेळ घ्या.”

थोरली जिन्यात तशीच बसून राहिली. शेजारून कचेरीतली माणसं वर-खाली जात होती. कुणी विचारलं, तर ‘डोळ्यांत काही गेलं’ म्हणाली.

पुढचे आठ दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. भाजीत मीठ निम्मं झालं. बाबांचा जिना बंद झाला. रात्री ते खोकले तरी ती उठून बसे. बाबाही काही बोलत नव्हते. पोरगी आपल्याला म्हातारा समजायला लागली, एवढाच अर्थ त्यांनी लावला होता आणि तो त्यांना झोंबला होता. एका घरात दोन माणसं, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप!

शनिवार उजाडला. डॉक्टरीणबाईंनी बाराची वेळ दिली होती. बाबांना ‘नेहमीची भेट’ असं सांगितलं होतं. धाकटा नि भावजय दहाच्या सुमारास येणार होते. थोरलीनं दवाखान्याची पिशवी भरली, आलेखाचा छापील कागद तिच्यात वर ठेवला आणि आंघोळीला गेली.

ती बाहेर आली तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर तो कागद. हातात लाल पेन. शेजारी हिरवी फाइल उघडी. आणि दारात, बॅगा अजून खांद्यालाच, धाकटा नि भावजय उभे. दार बाबांनीच उघडलं होतं आणि ‘या, बसा, बोलू नका’ म्हणून पुन्हा कामाला लागले होते.

केसांना गुंडाळलेला टॉवेल थोरलीनं तसाच हातानं धरून ठेवला.

“चष्मा शोधत होतो,” बाबा मान वर न करता म्हणाले. “पिशवीत हा सापडला. माझं नाव आहे वर, म्हणून वाचला. ‘मूत्रपिंड’ बरोबर लिहिलंयस. ‘भाकीत’चा ‘की’ दीर्घ, तोही बरोबर. पण मजकुरात गडबड आहे.”

“बाबा, मी सांगणारच होते...”

“थांब. हे उजवीकडचे तीन ठिपके. हा दोन सप्टेंबरचा. दोन सप्टेंबरला मी रक्त दिलं म्हणतेस?”

“तुम्हीच दिलंत. मला सांगितलं नाहीत, एवढंच.”

“कसा देणार? दोन सप्टेंबरला मी या गावातच नव्हतो.” त्यांनी पेनाचं टोक धाकट्याकडे केलं. “याच्याकडे होतो. आठवडाभर. हिनं मला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. विचार.”

भावजय चटकन म्हणाली, “हो. एकतीस ऑगस्टला आले आणि सातला गेले. दोन तारखेला दाढ काढली. माझ्याकडे पावती असेल.”

त्या आठवड्यात घरात आपण एकटीच होतो, हे थोरलीला आत्ता आठवलं. ती दोन पावलं पुढे आली.

“आणि दुसरं,” बाबा म्हणाले. “या फायलीत रिपोर्ट आहेत एकवीस. आत्ता मोजले. दोनदा. तुझ्या चित्रात ठिपके नऊ. बारा कुठं गेले? छापखान्यात एवढा मजकूर गळला असता तर मला घरी बसवलं असतं.”

“नऊ?” थोरली म्हणाली.

“मोज.”

तिनं मोजले. नऊच होते. रोज तो कागद तिनं पाहिला होता, डोळे मिटले तरी दिसत होता, आणि त्यावर किती ठिपके आहेत हे तिनं एकदाही मोजलं नव्हतं. बाबांनी फायलीतले तीन रिपोर्ट काढून तिच्यापुढे सरकवले. “हे तुझे अडतीस, एकतीस, चौतीस. सापडले मला. फेब्रुवारीतले आहेत. दवाखान्यातले. नऊ, दहा, अकरा फेब्रुवारी. ओळीनं तीन दिवस सुया टोचत होते. मला चांगलं आठवतंय.”

पहिल्या कागदावर छापलं होतं, ०९/०२. पुढच्या रिपोर्टावर १०/०२. त्याच्या पुढच्यावर ११/०२.

थोरलीनं ते मनातल्या मनात उलटं वाचलं. नववा महिना, दोन तारीख. दहावा महिना, दोन तारीख. अकरावा महिना, दोन तारीख.

“अरे देवा,” ती म्हणाली, आणि लॅपटॉप आणायला पळाली. टॉवेल वाटेतच पडला.

कचेरीतली मीटरयंत्रं तारीख लिहिताना आधी महिना लिहीत, मग दिवस. तिचा रोजचा कोड त्याच बेतानं लिहिलेला. लॅबच्या फायलीत मात्र आधी दिवस होता. कोडनं बिचाऱ्यानं सांगितलं तेच केलं. नऊ फेब्रुवारीचा दोन सप्टेंबर करून टाकला. आणि जिथं अठरा, बावीस, चोवीस अशा तारखा आल्या, तिथं ‘असा महिना नाही’ म्हणून ती ओळच गाळली. तशा बारा गळल्या. तापानंतरचे, सुधारल्यावरचे सगळे रिपोर्ट नेमके त्या बारांत. खालची लाल सूचना हेच सांगत होती. ‘बारा ओळी वगळल्या.’ ती ओळ तेव्हाही तिथंच होती. आताही होती.

“काय झालं ते आम्हाला सांगशील का?” धाकटा म्हणाला. तो अजून उभाच होता.

“ध चा मा झाला,” थोरली म्हणाली. एका ओळीत तीन अक्षरांची अदलाबदल, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. तिनं बटण दाबलं. चौघंही पडद्यावर वाकले. भावजयीची बॅग खांद्यावरून घसरून टेबलावर आपटली तरी कुणी हललं नाही.

या वेळी ठिपके एकवीस आले. थोरलीनं बोट लावून मोजले, मग धाकट्यानं मोजले. बासष्टपासून ते हळूहळू, कंटाळत उतरत होते. फेब्रुवारीत तीन ठिपके खड्ड्यात पडावेत तसे खाली गेले होते, पण लगेच पुढचे वर चढले होते. पंचेचाळीस, एकोणपन्नास, चोपन्न, पंचावन्न. शेवटचा चोवीस ऑक्टोबरचा. पंचावन्न.

रेघ आता उतरतीच होती, पण एखादा म्हातारा बागेतल्या उतारावरून जावा तशी. पंधराची आडवी रेषा तिला कागदभर कुठं भेटलीच नाही. थोरलीनं अक्ष वाढवला, दहा वर्षं, पंधरा वर्षं. एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास रेघ एकदाची पंधराला टेकली.

“एकोणीस,” धाकटा म्हणाला. “म्हणजे बाबा नव्वदीला.”

“नव्वदाव्या वर्षी किडनी जाणार?” बाबा म्हणाले. “चालेल मला. तोवर कोश ‘ज्ञ’पर्यंत येतो की नाही तीच शंका आहे.”

पहिल्यांदा हसली ती भावजय. मग धाकटा खुर्चीवर धप्पकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागला. ते हसू होतं की रडू ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. थोरली मात्र बाबांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. आठ दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं आणि त्याच्या जागी एकदम इतकी हवा आली होती की ती कशी आत घ्यावी तेच तिला कळेना.

“एक मिनिट,” बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे तुम्ही तिघं गेले आठ दिवस मला अडीच वर्षांचा पाहुणा धरून चालला होतात?”

थोरलीनं टेबलावरचा छापील कागद उलटा करून ठेवला.

“म्हणून ते बिनमिठाचं? म्हणून कोशाचं काम नको?”

“हो,” थोरली म्हणाली. “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही लपवताय.”

“आणि मला वाटलं, पोरीला आता माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही.” बाबांनी सुस्कारा टाकला. “तोंड उघडून एकमेकांना विचारलं असतं तर?”

“हे तर काहीच नाही, बाबा,” भावजय म्हणाली. “हे किडनी द्यायला निघाले होते. जहाजावर नाही जात म्हणून कळवायचा मेलसुद्धा लिहून ठेवलाय.”

“पाठवला नाहीस ना?” थोरलीनं घाबरून विचारलं.

“सोमवारी पाठवणार होतो,” धाकटा म्हणाला. “आणि ही माझं सांगतेय, स्वतःचं नाही सांगत. हिनंही नाव दिलं होतं.”

बाबांनी सुनेकडे पाहिलं. बरंच पाहिलं. मग त्यांनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली आणि तिची टेबलावरची जड बॅग स्वतः उचलून बाजूला ठेवली. “बस,” ते म्हणाले. “केव्हाची उभी आहेस.” भावजय बसली आणि उगाचच ओढणीचं टोक पिळत राहिली.

डॉक्टरांची वेळ तरीही मोडली नाही. थोरलीचा आता स्वतःच्याच रेघेवर भरवसा उरला नव्हता. तिला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. चौघंही धाकट्याच्या गाडीतून गेले. डॉक्टरीणबाईंनी हिरवी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, बाबांचे पाय दाबून सूज बघितली, रक्तदाब घेतला. मग दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून थोडा वेळ बघत राहिल्या.

“हा दुसरा ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “तरी एक सांगू का? तापातले ते तीन आकडे यातून काढून टाका. शरीरातलं पाणी कमी झालं होतं, म्हणून ते पडले आणि भरूनही आले. तो अपघात होता, वाट नव्हे. ते काढलेत तर रेघ अजून थोडी वर जाईल.”

“आणि एकोणीस वर्षं?” थोरलीनं विचारलं.

“एकोणीस वर्षांचं मी सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. माणूस काही पट्टी लावून जगत नाही. पुढच्या चार महिन्यांचं सांगते. चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा. मीठ थोडं कमी, पाणी वेळेवर, ताप आला तर घरी बसू नका. बाकी मला यांच्यात काळजीचं काही दिसत नाही.”

“जिना?” बाबांनी विचारलं.

“चढा की.”

“आणि तीन वर्षांचं बैठं काम?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “तासातासाला उठून पाय मोकळे करा. मान दुखली तर माझ्याकडे येऊ नका, ते माझं खातं नाही.”

बाहेर पडल्यावर दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बाबांनी संपादकांना फोन लावला. नकाराचं पत्र अजून टाकलंच नव्हतं. चौथा खर्डा झाला होता, पण दुसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य त्यांच्या मनासारखं उतरत नव्हतं. “हो, घेतो,” ते फोनवर म्हणाले. “पहिला खंड केव्हा धाडता?... इतक्यात? नाही नाही, चालेल. चालेल.” थोरली दोन पायऱ्या वर उभी राहून ऐकत होती. त्यांचा हा आवाज तिनं आई गेल्यापासून ऐकला नव्हता.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर बसली आणि गाडी दुसऱ्या चौकात पोचायच्या आत झोपली. घर आलं तेव्हा भावजयीनं तिला दंडाला धरून वर नेलं. “ताई, जेवता का?” तिनं विचारलं, आणि थोरली ‘हो’ म्हणत पलंगावर आडवी झाली. दुपार गेली. बाहेर बाबा नि धाकटा मोठमोठ्यानं कशावरून तरी वाद घालत होते, मग कुणीतरी त्यांना दटावलं, मग खोलीचं दार हलकेच लोटून घेतलं. तिला हे सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकू आलं. आठ दिवसांची राहिलेली झोप ती एका दमात काढत होती.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून पार वर सरकलं होतं. भावजय कपाटापाशी उभी राहून चहाचा पेला ठेवायला जागा शोधत होती.

“किती वाजले?”

“साडेपाच. जेवण झाकून ठेवलंय. मीठ घातलंय, नेहमीपेक्षा थोडंच कमी. आधी चहा घ्या.” मग जरा थांबून म्हणाली, “घोरत होतात तुम्ही.”

“मी घोरत नाही.”

“तिघांनी ऐकलंय, ताई. बाबा तर म्हणाले, कुणी उठवू नका, केव्हाची थकलीये.”

थोरली उठून बसली. चहा गरम होता, साखर नेहमीपेक्षा अंमळ जास्त. तिनं तो सावकाश प्यायला आणि पलंगावर थोडं सरकून भावजयीला शेजारी जागा करून दिली.